साखरेने टाकलेला भार
उपउत्पादनांतील जड धातू आणि ‘वनस्पतिजन्य ते निर्धोक’ या समजाचे खंडन

साखर उद्योगात एक मत इतके रुळले आहे की ते कुणी तपासतही नाही. कारखान्याच्या वार्षिक सभेत, शेतकरी मेळाव्यात, इथेनॉल आणि बायोगॅसच्या परिसंवादांत ते पुन्हा पुन्हा ऐकू येते. उसाचा चोथा, प्रेसमड (रस शुद्ध करताना निघणारा गाळ), मोलॅसिस, स्पेंटवॉश (आसवनीचे सांडपाणी) आणि बॉयलरची राख हे सारे उसातूनच आलेले आहे. उसातून आलेले मातीत परत गेले की निसर्गाचे चक्र पूर्ण होते. तिथे शिसे आणि कॅडमियम यांची चर्चा काढणे म्हणजे बागुलबुवा उभा करणे, असे हे मत आहे.

पुणे शहराला या मताची तपासणी करण्याचा अधिकार आहे आणि ती जबाबदारीही त्याचीच आहे. राज्यातल्या कारखान्यांना गाळप परवाना देणारे साखर आयुक्तालय शिवाजीनगरच्या साखर संकुलात आहे. सहकारी कारखान्यांनी १९७५ साली उभारलेली, आज वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाणारी संस्था मांजरीत आहे. १९३६ पासून काम करणारी डेक्कन शुगर टेक्नॉलॉजिस्ट्स असोसिएशनही पुण्याचीच. शहराच्या पूर्वेला, हवेली आणि दौंड तालुक्यांत, ऊस याच शहराने वापरून सोडलेल्या पाण्यावर पोसला जातो. निर्णय घेणारे, संशोधन करणारे आणि परिणाम सोसणारे एकाच पट्ट्यात राहतात, असे दुसरे ठिकाण राज्यात नाही.

वरील मत शास्त्राच्या कसोटीला उतरत नाही आणि ते शेतकऱ्याच्या हिताचेही नाही, असे माझे म्हणणे आहे. ते का, हे क्रमाने मांडतो. पण आधी त्या मताची बाजू पूर्ण ताकदीनिशी ऐकून घेतली पाहिजे.

पूर्वपक्ष

या मताच्या बाजूने पाच मुद्दे मांडले जातात. पहिला: ऊस हे गवतवर्गीय पीक आहे, ते मातीतून जड धातू फारसे उचलत नाही आणि उचलले तरी बहुतांश मुळांतच अडवते. दुसरा: साखर बनवताना चुना, गंधकाचा धूर आणि उष्णता एवढेच वापरले जाते, कुठलाही विषारी धातू प्रक्रियेत घातला जात नाही. तिसरा: दख्खनची काळी माती चुनखडीयुक्त आहे, तिचा सामू आठच्या आसपास असतो. अशा मातीत धातू घट्ट बांधले जातात, पिकाला ते मिळत नाहीत. चौथा: प्रेसमडच्या कंपोस्टचे अहवाल खत नियंत्रण आदेशाच्या मर्यादेत येतात, शिवाय त्यात सापडणारे जस्त, तांबे, लोह ही तर पिकाची गरजच आहे. पाचवा: आधीच अडचणीत असलेल्या शेतकऱ्याच्या आणि कारखान्याच्या डोक्यावर तपासणीचा नवा बोजा कशाला?

यातला प्रत्येक मुद्दा अंशतः खरा आहे, म्हणूनच हे मत टिकून आहे. पण अर्धसत्ये एकत्र ठेवल्याने पूर्ण सत्य तयार होत नाही.

गव्हाणीत फक्त ऊस पडत नाही

उसाच्या मोळीबरोबर पाचट, मुळ्या आणि माती येते. यंत्राने तोडणी झाली, त्यातही शेत ओले असले, की मातीचे प्रमाण वाढते. ही सारी माती गव्हाणीतून मिलमध्ये आणि मिलमधून रसात जाते. म्हणजे प्रेसमडमध्ये काय आहे हे समजून घ्यायचे तर आधी आपल्या मातीत काय आहे ते पाहावे लागते.

पुणे जिल्ह्याची काळी माती बेसाल्टपासून बनलेली आहे. जगभरच्या बेसाल्टची सरासरी रचना भूरसायनशास्त्रज्ञांनी काढून ठेवली आहे. तीत क्रोमियम किलोमागे सुमारे १७० मिलिग्रॅम, निकेल १३० आणि तांबे ८७ मिलिग्रॅम असते. शिसे मात्र केवळ ६ मिलिग्रॅम आणि कॅडमियम ०.२ च्या आसपास. दख्खनमध्ये हे आकडे जागोजागी बदलतात, पण त्यांचा आपसातला कल तसाच राहतो.

या आकड्यांतून दोन निष्कर्ष निघतात. प्रेसमडमध्ये क्रोमियम किंवा निकेल सापडले की लगेच ‘प्रदूषण’ म्हणून ओरड करणे चूक आहे, कारण ते मातीतूनच आलेले असण्याची शक्यता मोठी असते. ही चूक तक्रार करणारे अनेकदा करतात. उलट शिसे किंवा कॅडमियम वाढलेले दिसले, तर त्याचे खापर दगडावर फोडता येत नाही. हे दोन धातू माणसाच्या हातून आलेले असतात आणि त्यांचा माग काढता येतो.

कॅडमियमचा एक माग स्फुरदयुक्त खतापर्यंत जातो. फॉस्फेटच्या खडकात कॅडमियम नैसर्गिकरीत्या असते आणि खत बनवताना ते बव्हंशी खतातच उतरते. युरोपीय संघाने २०२२ पासून अशा खतांत एक किलो स्फुरदामागे ६० मिलिग्रॅम कॅडमियमची मर्यादा लागू केली. आपल्याकडे आडसाली उसाला हेक्टरी ४०० किलो नत्र, १७० किलो स्फुरद आणि १७० किलो पालाश अशी शिफारस आहे. युरोपीय मर्यादेला टेकलेले खत वापरले असे धरले, तर एका पिकामागे हेक्टरी सुमारे १० ग्रॅम कॅडमियम मातीत पडते. हा आकडा लहान दिसतो, पण कॅडमियम कुजत नाही, उडून जात नाही आणि उसाबरोबर फारसे बाहेरही पडत नाही. दर पिकाची भर मागच्या पिकाच्या भरीवर पडते.

दुसरा माग पाण्यात आहे. पिंपरी-चिंचवड आणि भोसरीच्या पट्ट्यात वाहनांचे सुटे भाग, धातूला मुलामा देणे आणि रंगकाम करणारे असंख्य लहान कारखाने आहेत. पवना दापोडीजवळ मुळेला मिळते, मुळा संगमावर मुठेला मिळते आणि हे एकत्र पाणी बंडगार्डनवरून मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचनकडे जाते. मुंढव्याच्या जॅकवेलमधून शहराचे प्रक्रिया केलेले पाणी जुन्या बेबी कालव्यात उचलले जाते. वर्षाला साडेसहा टीएमसी पाणी अशा रीतीने शेतीला देण्याची ही योजना आहे. पाण्याचा फेरवापर ही चांगली गोष्ट आहे आणि खडकवासल्याच्या धरणसाखळीवरचा ताण पाहता ती अटळही आहे. पण शहराची मैलापाणी शुद्धीकरण केंद्रे सेंद्रिय घाण काढण्यासाठी बांधलेली आहेत. धातू तिथे नष्ट होत नाही. त्याचा काही भाग गाळात बसतो, उरलेला पाण्याबरोबर पुढे जातो. त्या पाण्यावर वाढलेला ऊस आणि त्याला चिकटलेली माती कारखान्यात येते, आणि त्या कारखान्याचा प्रेसमड त्याच शेतांवर परत जातो. ज्याला आपण निसर्गाचे चक्र म्हणतो, त्या चक्रात शहराने बाहेरून भर घातलेली असते.

कारखानाही धातू देतो

‘प्रक्रियेत धातू वापरत नाही’ हे विधान रसायनांच्या यादीपुरते खरे आहे, यंत्रांच्या बाबतीत ते टिकत नाही. मिलचे रोलर ओतीव लोखंडाचे असतात आणि हंगामभर झिजतात. उसावरची पकड टिकावी म्हणून त्यांच्या दातांवर वेल्डिंगने खरखरीत थर चढवतात, ज्याला मिलवरचे कामगार आर्किंग म्हणतात. त्यासाठीच्या इलेक्ट्रोडमध्ये क्रोमियम भरपूर असते. उसाच्या सुऱ्या आणि फायबरायझरचे हातोडे कठीण धातूने मढवलेले असतात. ज्यूस हीटर आणि इव्हॅपोरेटरमध्ये अनेक ठिकाणी पितळी नळ्या असतात. आंबट, गरम रस यातून सतत वाहतो आणि प्रत्येक ठिकाणचे थोडे थोडे घेऊन पुढे जातो. रसाच्या शुद्धीकरणासाठी घातलेल्या फॉस्फरिक आम्लाचा उगमही फॉस्फेटच्या खडकातच आहे, हे विसरून चालणार नाही.

प्रयोगशाळेतली एक गोष्ट तर उद्योगातल्या जुन्या माणसांना पूर्ण माहीत आहे. रसाची पोल, म्हणजे साखरेचा टक्का, काढण्यासाठी नमुना आधी स्वच्छ, पारदर्शक करावा लागतो आणि भारतीय कारखान्यांत हे काम दीर्घकाळ लेड सबअ‍ॅसिटेटने केले गेले. हे शिशाचेच संयुग आहे. हंगामात दर पाळीला रस, मोलॅसिस, चोथा आणि प्रेसमड यांचे नमुने तपासले जातात, आणि प्रत्येक वेळी थोडे शिसे गाळणकागदावर किंवा मोरीत जाते. साखर विश्लेषणाच्या आंतरराष्ट्रीय आयोगाने शिसेविरहित पद्धती मान्य करूनही बरीच वर्षे झाली. जिथे प्रक्रियेत विषारी धातू नाही असे सांगितले जाते, तिथेच साखरेचा टक्का मोजण्यासाठी शिसे वापरले गेले आहे.

शुद्धीकरणाचा अर्थ

आता मुख्य मुद्दा. आपल्याकडच्या बहुतेक कारखान्यांत रसाला चुन्याची निवळी आणि गंधकाचा धूर देऊन सामू सातच्या आसपास आणतात. या टप्प्यावर कॅल्शियम फॉस्फेट आणि कॅल्शियम सल्फाइटचा गाळ बसतो. त्याबरोबर रसातली माती, मेण आणि प्रथिने खाली जातात. याच गाळात बहुतेक जड धातूही अडकतात. सामू वाढला की त्यांची हायड्रॉक्साइडे आणि फॉस्फेटे बनून विद्राव्यता घटते, आणि गाळाच्या कणांवर ते चिकटतात. व्हॅक्युम फिल्टरवरून हा गाळ प्रेसमड म्हणून बाहेर पडतो. जे धातू रसात टिकून राहतात, ते पुढे स्फटिकात सहसा शिरत नाहीत, कारण स्फटिक होणे हीच एक कडक निवड असते. ते मोलॅसिसमध्ये जमा होतात.

म्हणून साखर स्वच्छ असते. साखरेच्या शुद्धतेचा हवाला देऊन सारा उद्योगच निर्धोक आहे असे म्हणणे ही तर्काची मोठी चूक आहे. साखर शुद्ध झाली, याचाच अर्थ तिच्यातला भार दुसऱ्या कुठेतरी गेला. तो प्रेसमड, मोलॅसिस आणि राखेत गेला. धातू हे मूलद्रव्य आहे, त्याची बेरीज कुठल्याही भट्टीत किंवा टाकीत शून्य होत नाही.

या भाराचे आकारमान लक्षात घ्या. १०० टन उसातून साधारण २८ ते ३० टन चोथा, ३ ते ४ टन प्रेसमड आणि ४ टनांच्या आसपास मोलॅसिस निघते. २०२२-२३ च्या हंगामात राज्यात १० कोटी टनांहून अधिक उसाचे गाळप झाले. म्हणजे एका हंगामात ३० ते ४० लाख टन प्रेसमड. एवढ्या मोठ्या राशीत किलोमागे एक मिलिग्रॅमचा फरकही टनांच्या हिशेबात मोजावा लागतो.

आणि हे इथेच थांबत नाही. उपउत्पादनांचे मूल्यवर्धन हा आजचा परवलीचा शब्द आहे, आणि मूल्यवर्धनाची जवळजवळ प्रत्येक वाट धातूंची तीव्रता वाढवते. आमटी आटली की खारट होते. त्यात मीठ वाढलेले नसते, पाणी कमी झालेले असते. प्रेसमडवर स्पेंटवॉश शिंपडून जैविक कंपोस्ट करतात, तेव्हा जिवाणू कर्ब खातात, ढिगाचे वजन घटते आणि धातू तेवढेच राहतात. शिवाय स्पेंटवॉशमधल्या धातूंची त्यात भर पडते. प्रेसमडपासून कॉम्प्रेस्ड बायोगॅस बनवण्याला केंद्राच्या २०१८ च्या ‘सतत’ योजनेने चालना दिली. तिथेही कर्ब वायू होऊन जातो आणि उरलेल्या रबडीत धातू दाट होतात. यातली सर्वांत टोकाची वाट भट्टीची आहे. मोलॅसिसवर चालणारी आसवनी एक लिटर अल्कोहोलमागे साधारण ८ ते १५ लिटर स्पेंटवॉश सोडते. तो आटवून खास बॉयलरमध्ये जाळला की पालाशयुक्त राख उरते. हीच राख आज ‘मोलॅसिसपासून मिळवलेला पालाश’, म्हणजे पीडीएम, म्हणून खत नियंत्रण आदेशात समाविष्ट आहे. त्यात किमान १४.५ टक्के पालाश अपेक्षित आहे, आणि जानेवारी २०२४ मध्ये केंद्राने कारखाने व खत कंपन्या यांच्यात टनाला ४,२६३ रुपये दर ठरल्याचे जाहीर केले.

पालाशाची गरज आयातीवर भागवणाऱ्या देशासाठी ही राख मोलाची आहे, याबद्दल मला शंका नाही. पण राखेत केवळ पालाश दाट होत नाही. शिवाय स्पेंटवॉश एकटा नीट जळत नाही, त्याला आधाराचे इंधन लागते. ते इंधन चोथा असेल तर एक गोष्ट आणि दगडी कोळसा असेल तर दुसरी. कोळशाच्या राखेत आर्सेनिक, शिसे आणि इतर धातू असतात. त्यातच शिसे आणि कॅडमियम भट्टीच्या उष्णतेत काही अंशी वाफ होऊन धुराबरोबर वर जातात आणि थंड झाल्यावर सर्वांत बारीक राखेवर बसतात. म्हणून भट्टीच्या तळाची राख आणि धूर गाळणाऱ्या यंत्रणेची राख या रसायनशास्त्राच्या दृष्टीने दोन वेगळ्या वस्तू आहेत. दोन्ही एकाच पोत्यात भरून ‘उसातून आलेले खत’ म्हणणे अशास्त्रीय आहे.

याच संदर्भात एक युक्तिवाद उलटा वापरला जातो. चोथ्याची राख पाण्यातले शिसे आणि क्रोमियम शोषून घेते असे भारतीय प्रयोगशाळांनी दाखवले आहे, मग ती राख धोकादायक कशी, असे विचारतात. उत्तर सरळ आहे. जी वस्तू धातू धरून ठेवते, ती धरलेल्या धातूसह कुठे जाते, हाच तर आपला प्रश्न आहे.

काळ्या मातीचा भरवसा

तिसरा मुद्दा सर्वांत वजनदार आहे. चुनखडीयुक्त काळ्या मातीत शिसे आणि क्रोमियम खरोखरच घट्ट बसतात. मातीत एकूण धातू किती यापेक्षा पिकाला मिळण्याजोगा किती, हे महत्त्वाचे असते. त्यासाठी डीटीपीए द्रावणाने काढलेले प्रमाण पाहण्याची पद्धत १९७८ पासून रूढ आहे. केवळ एकूण प्रमाणावरून घबराट पसरवणारे लेख या कसोटीवर टिकत नाहीत.

पण हा भरवसा सर्व धातूंना आणि सर्व शेतांना सारखा लागू होत नाही. कॅडमियम शिशाइतके आज्ञाधारक नसते. मातीत क्लोराइड वाढले की त्याच्याशी कॅडमियमची विद्राव्य संयुगे बनतात आणि ते पुन्हा पिकाच्या आवाक्यात येते. ऑस्ट्रेलियातल्या क्षारयुक्त पाण्याच्या शेतांवर हे स्पष्ट दिसून आले आहे. आपल्या कालव्याच्या पट्ट्यात वर्षानुवर्षे पाटाने पाणी देऊन जमिनी खारवटल्या आहेत. स्पेंटवॉशमध्ये क्लोराइड मुबलक असते. त्याचा सामू चारच्या आसपास असतो, आणि त्याला काळपट रंग देणारी मेलॅनॉइडिन्स धातूंना विद्राव्य रूपात धरून ठेवतात. म्हणजे मातीचा जो गुण आपल्याला वाचवतो, त्याच गुणावर हा सारा व्यवहार आघात करतो.

दुसरी गोष्ट पिकांच्या फेरपालटीची. ऊस कॅडमियम फारसे उचलत नाही, हे मान्य. पण मांजरी, लोणी काळभोर, उरुळी कांचनच्या शेतात ऊसच कायम नसतो. खोडवा मोडला की तिथे पालक, मेथी, कोथिंबीर येते आणि ती पुण्याच्या बाजारात जाते. पालक ही कॅडमियम उचलण्यात पटाईत भाजी आहे. उसाच्या संयमाचा हवाला देऊन पालेभाजीची हमी देता येत नाही.

जपानमधल्या तोयामा भागात कामिओका खाणीतले कॅडमियम जिंझू नदीच्या पाण्याबरोबर भातखाचरांत साचत गेले. मूत्रपिंडे निकामी आणि हाडे ठिसूळ करणाऱ्या इताई-इताई रोगाला तिथल्या सरकारने १९६८ मध्ये प्रदूषणजन्य आजार म्हणून मान्यता दिली, तोवर अनेक दशके उलटली होती. पुण्याच्या शेतांची तुलना त्या खाणीशी करणे अन्यायाचे ठरेल. प्रमाणांत फार मोठा फरक आहे. पण सिंचनाच्या जमिनीत धातू साचतो तेव्हा पीक हिरवेगार राहते, उत्पादन घटत नाही आणि शेतकऱ्याला कसलीच खूण मिळत नाही, हा धडा दोन्हीकडे सारखाच आहे. खूण मिळत नाही, म्हणूनच मोजावे लागते.

मर्यादेच्या आत, पण किती वेळा?

खत नियंत्रण आदेश, १९८५ मध्ये कंपोस्टसाठी मर्यादा दिलेल्या आहेत. किलोमागे कॅडमियम ५, शिसे १००, क्रोमियम ५०, निकेल ५०, आर्सेनिक १० आणि पारा ०.१५ मिलिग्रॅम. अहवाल या मर्यादेत आहे, म्हणून प्रश्न संपला, असे चौथा मुद्दा सांगतो.

हिशेब करून पाहू. कॅडमियम बरोबर ५ मिलिग्रॅम असलेले, म्हणजे कायद्याने पूर्ण पात्र ठरणारे कंपोस्ट कोरड्या वजनाने हेक्टरी ५ टन टाकले, तर मातीत २५ ग्रॅम कॅडमियम जाते. एका हेक्टरच्या वरच्या १५ सेंटिमीटर मातीचे वजन साधारण २० लाख किलो. म्हणजे एका वेळेला ०.०१२५ मिलिग्रॅम प्रतिकिलोची भर. असे २० वेळा केले की ०.२५ मिलिग्रॅमची भर पडते, आणि बेसाल्टच्या मूळ पातळीच्या दुपटीहून अधिक कॅडमियम त्या मातीत होते. दरवेळी अहवाल मर्यादेतच होता. एकदाही कायदा मोडला नाही.

दोष मर्यादेच्या आकड्यात नाही, तिच्या स्वरूपात आहे. ती तीव्रता मोजते, साचलेला भार मोजत नाही. युरोपने मैलागाळाबाबत १९८६ च्या निर्देशातच मातीतली पातळी आणि दरवर्षीचा हेक्टरी भार अशा दोन्ही मर्यादा घातल्या. अमेरिकेने १९९३ मध्ये एकूण साचणाऱ्या भाराची मर्यादा ठरवली. ब्राझीलमध्ये साओ पावलो राज्याने स्पेंटवॉशची मात्रा मातीतल्या पालाशाची तपासणी करून ठरवण्याचा नियम २००५ मध्ये केला. त्यांच्या आकड्यांवर वाद घालता येईल, तत्त्वावर नाही: खताची परीक्षा जमिनीच्या खात्यावर मांडून व्हायला हवी.

जस्त, तांबे, लोह ही अन्नद्रव्ये आहेत, हे खरेच आहे. पण त्यांच्या आडोशाने शिसे, कॅडमियम, पारा आणि आर्सेनिक यांना आत घेता येणार नाही. उसाला किंवा तो पिकवणाऱ्या माणसाला या चौघांची काहीही गरज नाही.

शेतकऱ्याचे हित कशात आहे

तपासणीने शेतकऱ्याचे नुकसान होते, या पाचव्या मुद्द्याचे उत्तर मांजरीतच आहे. वसंतदादा इन्स्टिट्यूटप्रमाणेच राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रही तिथे आहे. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट या वाढनियंत्रकाच्या अंशामुळे भारतीय द्राक्षे युरोपात अडकली आणि महाराष्ट्राच्या बागायतदारांना जबर फटका बसला. त्या संकटातून द्राक्षशेती सावरली ती अंश तपासणी अधिक कडक झाल्यामुळे आणि प्रत्येक बागेची नोंद ठेवणाऱ्या ग्रेपनेट या व्यवस्थेमुळे. या तपासणीची राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळाही त्याच केंद्रात आहे. आज द्राक्ष उत्पादक अहवाल हातात घेऊन खरेदीदारासमोर बसतो. मोजमापाने त्याची पत वाढली. ऊस उत्पादकाला मात्र आपल्या शेतात ट्रॉलीतून काय रिकामे झाले, हे सांगणारा कागद सहसा मिळत नाही. ज्याची जमीन आहे, त्याला हे जाणून घेण्याचा हक्क आहे. हा हक्क त्याला देण्याला बोजा म्हणणे योग्य नाही.

याच कारणासाठी मी दुसऱ्या टोकाच्या मताशीही असहमत आहे. प्रेसमडवर सरसकट बंदी घाला, असे म्हणणारे लोक आहेत. आपल्या जमिनींत सेंद्रिय कर्बाची टंचाई आहे आणि प्रेसमड हा कर्ब, स्फुरद आणि कॅल्शियम यांचा मोठा, स्वस्त साठा आहे. तो बंद केला की शेतकरी स्फुरदाची गोणी अधिक उचलेल आणि कॅडमियम त्या वाटेने येईल. बंदी म्हणजेही न मोजता घेतलेला निर्णयच.

सिद्धान्त

उपउत्पादन उसातून आले, एवढ्यावरून त्याला निर्धोक म्हणता येत नाही आणि विषारीही म्हणता येत नाही. ते मोजूनच ठरते. हा सिद्धान्त स्वीकारला तर पुढची कामे आपोआप उघड होतात.

पहिले काम: प्रेसमड, कंपोस्ट, बायोगॅसची रबडी, तळाची राख आणि धूर गाळणीची राख यांची प्रत्येक लॉटनिशी, कोरड्या वजनावर तपासणी. कॅडमियम, शिसे, आर्सेनिक, पारा, क्रोमियम आणि निकेल हे सहा धातू पुरेत. अहवालाची प्रत गेटपासबरोबर शेतकऱ्याला मिळावी.

दुसरे काम: जमिनीचे खाते. यासाठी नवी यंत्रणा नको. कारखान्याचा शेती विभाग दरवर्षी गट नंबरनिशी उसाची नोंद करतो. क्षेत्र, जात, लागणीची तारीख सारे लिहितो. त्याच नोंदीत त्या गटात किती टन प्रेसमड किंवा राख गेली आणि तिच्याबरोबर किती ग्रॅम कॅडमियम व शिसे गेले, एवढा एक रकाना वाढवायचा आहे. दर काही वर्षांनी त्या गटाच्या मातीची डीटीपीए तपासणी करून खाते पडताळायचे. भार वाढलेल्या गटात पालेभाजी घेऊ नये, असा सल्ला त्यातूनच देता येईल.

तिसरे काम: उगमाशी प्रतिबंध. प्रयोगशाळेतून शिसे पूर्ण हद्दपार करणे. पीडीएम बनवणाऱ्या बॉयलरमध्ये कोळसा वापरला असेल तर ती राख वेगळी ठेवून तसे पोत्यावर छापणे. स्फुरद खताच्या गोणीवर कॅडमियमचे प्रमाण छापण्याची मागणी ऊस उत्पादकांनीच लावून धरली पाहिजे, कारण त्याचे मोठे गिऱ्हाईक तेही आहेत.

चौथे काम पुणे आणि पिंपरी-चिंचवड या दोन महापालिकांचे. बेबी कालव्यात उचललेल्या पाण्यातील धातूंचे प्रमाण नियमितपणे मोजून जाहीर झाले पाहिजे, आणि मुलामा देणाऱ्या कारखान्यांचे सांडपाणी घरगुती मैलापाण्यात मिसळण्याआधीच अडवले पाहिजे. शहराला धरणाचे पाणी हवे असेल, तर परत देताना ते कोणत्या प्रतीचे आहे, हे हवेली-दौंडच्या शेतकऱ्याला सांगणे शहराचे कर्तव्य आहे.

या कामांसाठी लागणारे मनुष्यबळ, उपकरणे आणि अधिकार पुण्यात आहेत. प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या संमतीपत्रात आणि साखर आयुक्तांच्या गाळप परवान्यात लॉटनिहाय तपासणीची अट घालता येईल. मांजरीच्या संस्थेला राज्यभरच्या कारखान्यांसाठी एकच पद्धत ठरवून देता येईल. सहकाराच्या चळवळीने १९५० च्या दशकात प्रवरानगरपासून ऊस उत्पादकाला कारखान्याचा मालक केले. मालकाला आपल्या कारखान्यातून काय बाहेर पडते आणि आपल्या जमिनीत काय साचते, हे विचारण्याचा अधिकार आहे. येत्या वार्षिक सभेत सभासदांनी तो वापरावा आणि गट नंबरच्या नोंदीत हा रकाना येत्या हंगामापासून सुरू करण्याचा ठराव मांडावा. तो रकाना भरलेला दिसेपर्यंत उपउत्पादनांना निर्धोक म्हणण्याचा अधिकार या उद्योगातल्या कोणालाही नाही.